जरा टेकतो

शिरपूर जैनची ख्याती न टेकण्याबद्दल आहे. इथली अंतरिक्ष पार्श्वनाथांची काळी मूर्ती जमिनीला टेकत नाही, अशी श्रद्धा. पूर्वी म्हणे तिच्याखालून घोडेस्वार निघून जायचा. आता कापड सरकतं, असं सांगतात. अशा गावात आमच्या निवृत्त गुरुजींनी 'जरा टेकतो' म्हणत उभी हयात काढली, तीही बरीचशी बसून. गावानेही त्यांचं आडनाव बाजूला ठेवून 'टेकतो गुरुजी' असंच नाव पाडलं.

असा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो. मंगलाष्टकं लांबली की खुर्ची शोधणारा, झेंडावंदनाला हमखास भिंतीजवळचा, मयतीत ओट्याला पाठ लावून उभा. त्याच्या डोक्यात गावाचा वेगळाच नकाशा असतो. इतरांना बँक, पोस्ट, दवाखाना दिसतो. त्याला बँकेची पायरी, पोस्टाचा कठडा आणि दवाखान्याचं बाकडं दिसतं. कुणाच्या ओट्यावर सकाळी सावली असते आणि कुणाच्या ओट्यावर कुत्रं बांधलेलं असतं, हे गुरुजींना तलाठ्यापेक्षा पक्कं ठाऊक.

गुरुजींना भोवळ येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचं नाव 'व्हेझोवेगल सिंकोप', गावात नुसतं 'चक्कर'. फार वेळ उभं राहिलं, ऊन तापलं, सुई दिसली किंवा खोकल्याची मोठी उबळ आली की नाडी मंदावते, रक्तदाब झर्रकन उतरतो, डोक्याला रक्त कमी पडतं आणि गुरुजी आडवे होतात. आडवं झालं की रक्त पुन्हा डोक्याकडे वळतं आणि मिनिटाभरात गुरुजी डोळे उघडून विचारतात, "चश्मा कुठं गेला?" म्हणजे रोगाने उपचार आपल्यातच ठेवला आहे. अडचण एवढीच की जागा तो स्वतः निवडतो.

देवळाच्या बाबतीतही त्यांचा हिशेब निराळा. जैनांच्या दोन पंथांच्या वादात 1981 पासून 2023 पर्यंत मंदिराला कुलूप होतं आणि लोक छोट्या खिडकीतून दर्शन घ्यायचे. बाकी गाव त्या कुलपाच्या खटल्याची चर्चा करायचं. गुरुजींची तक्रार खिडकीबद्दल होती. वाकून बघायचं आणि मग झटकन सरळ व्हायचं, हे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, "आता बसून दर्शन होईल." दोन्ही पंथांच्या भांडणात इतकी निःपक्षपाती प्रतिक्रिया मी दुसरी ऐकली नाही.

तर यंदा सोयाबीन निघालं, गावाभोवती मळणीचे हडंबे घरघरू लागले, कुटाराची धूळ हवेत तरंगू लागली आणि गुरुजींचा खोकला काही केल्या थांबेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मान हलवली आणि सांगितलं, अकोल्याला जाऊन फुप्फुसाची तपासणी करून या. यंत्रात फुंकायचं असतं, सुई नाही. सुई नाही म्हटल्यावर गुरुजी खूश झाले. मग डॉक्टर म्हणाले, "पण अंगातला सगळा जोर लावून फुंकायचं, हं."

घरी काकूंनी कपाळावर हात मारला. "ज्या माणसाले खोकलताना चक्कर येते, त्याले जोरानं फुकाले कायले पाठवता?"

शंका शास्त्रशुद्ध होती. जोरात आणि लांब फुंकलं की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं आणि डोकं हलकं होतं. हे धडधाकट माणसालाही होतं. म्हणून तर तपासणी बसवून करतात. पण आपल्याकडे शास्त्राला कुणी एकटं सोडत नाही. संध्याकाळपर्यंत गुरुजींच्या ओट्यावर सल्लागार मंडळ जमलं. पहिला ठराव: तपासणी म्हणजे उपाशीपोटीच जायचं. भोवळ येणाऱ्या माणसाला उपाशी, तहानलेला, पातूरच्या घाटातून एसटीने न्यायचा, यापेक्षा खात्रीने पाडण्याचा दुसरा मार्ग नसेल. गुरुजींनी फोन लावून विचारलं. उत्तर आलं की हलकं खा, भरपूर पाणी प्या, पोट तट्ट भरून येऊ नका, घट्ट कपडे नकोत आणि विडी ओढत असाल तर निदान तासभर आधी बंद. शेवटचं वाक्य ऐकून मंडळातले दोघे उठून गेले.

दुसरा ठराव सरावाचा. नाकाला चिमटा लावतात हे कळल्यावर काकूंनी कपडे वाळत घालायच्या दोरीवरचा चिमटा काढून दिला. नातवाने वाढदिवसाचे उरलेले फुगे आणले. गुरुजींनी पहिला फुगा अर्धा भरला, तेवढ्यात डोळ्यांपुढे काजवे चमकले. फुगा फर्रर्र करत देवघरात गेला आणि गुरुजी सवयीप्रमाणे डाव्या कुशीवर. डॉक्टरांना कळवलं तर ते म्हणाले, सराव करायला कुणी सांगितलं होतं? श्वासाच्या पंपाबद्दलही त्यांनी बजावलं: कोणता, किती तास आधी बंद ठेवायचा, ते मी सांगीन, मेहुण्याला विचारू नका. मेहुणे चार दिवस म्हणाले होते.

खरी तयारी गुरुजींनी एकट्याने केली. फुलस्केप कागदावर वळणदार अक्षरात एक निवेदन लिहिलं. मला भोवळ येते. येण्यापूर्वी जांभई येते, कानात दडे बसतात, तळहाताला घाम सुटतो, दिसणं बाजूंनी काळवंडत येतं. पडल्यास सपाट निजवावे, पाय उंच धरावेत. तोंडात पाणी ओतू नये. खाली दोन रेघा मारून: कांदा अथवा चप्पल हुंगवू नये. ही सूचना अनुभवातून आली होती. मालेगावच्या एका लग्नात कुणीतरी त्यांच्या भोवळीला फिट समजून वऱ्हाडातली सर्वांत जुनी वहाण शोधून आणली होती. गुरुजी शुद्धीवर आले ते वहाणेमुळे, असा त्या घराचा अजून समज आहे.

अकोल्याला मी सोबत गेलो. तिथे तंत्रज्ञ मुलीने आधी गुरुजींची उंची मोजली. गुरुजींना हे विचित्र वाटलं, पण यामागे मोठी परंपरा आहे. जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने 1846 साली लंडनमध्ये पाण्यात तरंगणाऱ्या घंटेचं असं यंत्र मांडलं होतं. खलाशी, पहिलवान, पोलीस अशा दोन हजारांवर लोकांना त्याने फुंकायला लावलं आणि उंची वाढते तसा छातीतला श्वास वाढतो, हे दाखवलं. आमच्या गुरुजींची उंची बेताची, तीही क्वचितच पूर्ण वापरात.

मुलीने विचारलं, हार्ट अटॅक? मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली झालंय? मग गुरुजींनी कागद पुढे केला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. वहाणेच्या ओळीवर ओठ दाबले. चाकांची खुर्ची बाजूला सारून हातांची, पक्क्या पायांची आणली. म्हणाली, "पाय जमिनीला टेकवा. दोन फुंकांमध्ये हवं तेवढं थांबू. दिसायला कमी झालं की हात वर करा."

टेकवा! सत्तरी गाठेपर्यंत गुरुजींना हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून, तोही हुकूम म्हणून, ऐकायला मिळाला नव्हता. ते असे ऐटीत बसले की जणू मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली.

नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ गच्च, छाती भरून श्वास, आणि एकदम ती एवढीशी मुलगी ओरडली, "फुंका! फुंका फुंका फुंका! अजून! अजून! थांबायचं नाही!" सहा सेकंद. वर्गाला आयुष्यभर 'गप्प बसा' म्हणणारे गुरुजी डोळे वटारून फुंकत होते. पहिली फुंक झाली. दुसऱ्या फुंकेला मध्येच नळी सोडून त्यांनी हात वर केला, करंगळी तेवढी उभी. शाळेची सवय. मुलगी गोंधळली, मी म्हणालो, लघवी नाही, भोवळ. तिने खुर्चीची पाठ मागे घेतली, पाय स्टुलावर ठेवले, पाणी दिलं. गुरुजींनी मुठी आवळल्या, मांड्या ताठ केल्या, चेहऱ्यावर रंग परतला. निदान तीन फुंका नीट हव्यात आणि त्यांतल्या चांगल्या दोन एकमेकींशी जुळायला हव्यात, असा नियम. जुळत नाहीत तोवर पुन्हा. मग पंपाचे चार झुरके, पंधरा मिनिटं वाट, की परत सगळा गजर पहिल्यापासून. पंपाने छाती धडधडली तेव्हा गुरुजींनी कागद मागून घेतला आणि 'धडधड' हा मुद्दा शेवटी जोडला. पण पडले नाहीत.

संध्याकाळी शिरपूरच्या स्टँडवर उतरलो तर टपरीवर माणसं जमलेली. पैजा लागल्या होत्या; चहाच्याच, पण लागल्या होत्या. रिपोर्ट गुरुजींच्या काखेत होता. नळ्या आकसल्यात की मोकळ्या आहेत, पंपाने किती सुधारलं, हे सगळं त्यात आलेखासकट होतं. कुणी विचारलं नाही.

"पडले काय, गुरुजी?"

"नाही."

टपरीवर शांतता पसरली. मग हरलेला गडी खिशातली नोट चाचपत म्हणाला, "एकडावही पडले नाही? मंग फुकलं तरी का बराबर?"