हिरण्यकेशीला टकटक

हिरण्यकेशीचा उगम पाहिला. आंबोलीजवळ आहे. गुहेतून पाणी येतं, समोर महादेवाचं देऊळ आहे, पाणी गार आहे. इथे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नावाचा चिमुकला मासा सापडला आणि २०२१ साली ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. हा मासा आपला परिसर सोडून कुठे जात नाही. आमच्या गाडीने त्याच्याकडून नेमकं तेवढंच घेतलं.

किल्ली फिरवली. टकटकटकटक. इंजिन ढिम्म.

बॉनेट उघडणं मला उत्तम जमतं. उघडायचं, कमरेवर हात ठेवायचे, ‘हं’ म्हणायचं आणि वायपरचं पाणी तपासायचं, इथवर माझं वाहनशास्त्र परिपूर्ण आहे. त्यापुढे मी शाळेत संस्कृतात पहिला आलेला माणूस. हिला म्हटलं, “शांत राहा.” ती शांतच होती, मला भीती त्याचीच होती.

पावसातही माणसं जमली. एकाने पेट्रोल आहे का विचारलं, एकाने दर्शन नीट घेतलंत का विचारलं. कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी हेडलाइट लावून पाहिले आणि निकाल दिला, “दिवे लागतायत, म्हणजे बॅटरी झकास!” चार दांडगी पोरं बाह्या सारून धक्का मारायला आली. गाडी ऑटोमॅटिक आहे, इंजिन बंद असताना चाकं कितीही फिरवली तरी ते फिरत नाही, असं सांगितल्यावर त्यांचा असा हिरमोड झाला की मीच त्यांची माफी मागितली.

१९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर बसला. त्याआधी गाडीपुढे उभं राहून हँडल मारावं लागे. ते उलटं फिरलं की मनगट मोडे. त्या घटकेला मला तो काळ फार चांगला वाटला.

तेवढ्यात वडापची एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरला. त्याने बॉनेटमध्ये पाहिलंच नाही. म्हणाला, “किल्ली फिरवा बघू.” आणि डोळे मिटून ऐकत राहिला. इतका वेळ ऐकायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

“एकच टक वाजला असता तर सेल्फचा लफडा. ह्या टकटकता, म्हणजे करंट पोचणा नाय.”

गोष्ट अशी, की दिव्यांना दहाएक अँपिअर पुरतात, स्टार्टरला शे-दीडशे लागतात. गावभर चहा पाजणाऱ्याला लग्नाची पंगत उठवता येईलच असं नाही. सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरचा विजेवर चालणारा स्विच, ओढला जातो, स्टार्टर करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो; व्होल्टेज सावरलं की पुन्हा ओढला जातो. टकटक ती हीच. बॅटरी उतरली असेल तर असं होतं, किंवा टर्मिनल खराब असतील तर.

आमच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला होता. “कार्बन धरलो हा.”

निघण्याआधी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. बिलावर ‘बॅटरी चेक – ओके’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय आणि त्याचे वेगळे पैसे घेतलेत. कुणी चेक केली? कुठून? रस्त्यापलीकडून? तो थर एका रात्रीत चढत नाही हो!

त्याने दहा-अकराचा पाना काढला. आधी मायनस सोडवला. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. मग चहावाल्याकडून आणलेलं कढत पाणी ओतलं आणि टर्मिनल पॉलिश पेपरने घासायला घेतले. जीपमधली माणसं बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन मुकाट बसून होती, कुणी घड्याळ पाहिलं नाही. एक आजी मात्र उतरल्या आणि त्यांनी आपली छत्री आमच्या बॅटरीवर धरली. स्वतः निथळत होत्या.

“आजी, भिजताय.”

“भिजांदे. माका काय कार्बन धरूचो नाय.”

माझ्या सख्ख्या नातेवाइकांनी माझ्यासाठी इतका वेळ छत्री धरल्याचं मला आठवत नाही. घसा जरा भरून आला. ही म्हणाली, सर्दी.

आधी प्लस, शेवटी मायनस असं आवळून झालं. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या ‘बॅटरी झकास’वाल्या गृहस्थांनी.

कावळेसाद राहिलं. पावसाळ्यात तिथे वारा धबधब्याचं पाणी दरीतून उलटं वर फेकतो. आंबोलीला जाणार असाल तर ते पाहाच. आणि डिकीत दहा-अकराचा पाना अन् पॉलिश पेपरचा तुकडा टाका, बिलावर काहीही लिहिलेलं असो.