डांबराचं वावडं

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात रस्त्यासाठी अर्ज न केलेलं घर सापडणं अवघड. आजोबांनी अर्ज केलेला असतो, वडिलांनी त्या अर्जाची आठवण करून देणारा अर्ज केलेला असतो आणि नातू दोन्हींच्या झेरॉक्स घेऊन पंचायत समितीत हेलपाटे घालत असतो. अशा मुलखात रस्ता झाला म्हणून हळहळणारा एकच माणूस आढळतो, आणि तो रविवारी येतो. हनुवटीपर्यंत उतरलेलं हेल्मेट, गुडघ्यांना ढाली, पाठीवर नळी लोंबणारी पाण्याची पिशवी आणि खाली जाडजूड टायरांची सायकल. त्याचं खरं आडनाव काहीही असो, आम्ही त्याला ट्रेलकर म्हणतो. तोंडावर अर्थातच ‘ट्रेलकर साहेब’.

सोमवार ते शुक्रवार ट्रेलकर पुण्यात असतात आणि तिथे रस्त्यांच्या बाबतीत ते तुमच्याआमच्यासारखेच आहेत. सोसायटीच्या फाटकासमोर वीतभर खड्डा पडला तरी ते त्याचा फोटो काढून पालिकेला पाठवतात, तक्रार क्रमांक जपून ठेवतात आणि आठव्या दिवशी स्मरणपत्र धाडतात. शनिवारी रात्री मात्र स्वभाव पालटतो. ज्या जातीच्या खड्ड्यांवरून आठवडाभर अधिकाऱ्यांना भंडावलं, तेच खड्डे मन लावून हुडकायला ते रविवारी पहाटे नव्वदेक किलोमीटर येतात. येतात मोटारीतून, डांबरावरून, सायकल टपावर. चाकणच्या कोंडीत सायकल वर आणि माणूस खाली, असा देखावा बराच वेळ दिसतो. दिवसभरात तो पुन्हा पुन्हा दिसणार असतो, फक्त मधली मोटार नसते.

सायकलीची किंमत ते लगेच सांगत नाहीत. आधी ती न विचारल्याबद्दल थोडं वाईट वाटून घेतात, मग ‘पुढचा फोर्कच पन्नास हजारांचा आहे’ असं हवेत सोडून देतात. पारावरच्या मंडळींना फोर्कशी देणंघेणं नसतं. सायकलीला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एका आजोबांनी सायकलीभोवती एक फेरी मारून हळूच विचारलं, ‘‘बाकीचं सामान कंपनी कवा देनार हाय?’’ बटण दाबलं की सीट खाली बसते आणि पुन्हा दाबलं की वर येते, हे पाहून मात्र आजोबा खूश झाले. त्यांनी ते सात-आठ वेळा करून पाहिलं. ट्रेलकरांना त्या दिवशी मिळालेली खरी दाद एवढीच.

इतिहास सांगायची त्यांना हौस. ही विद्या कॅलिफोर्नियातली. माउंट तमाल्पाइस नावाच्या डोंगराच्या उतारावर काही तरुण जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली सोडून देत आणि १९७६ साली त्यांनी जवळच्याच पाइन माउंटनवर शर्यतच सुरू केली. उतार असा की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर होई आणि खाली पोचल्यावर हबमध्ये नव्यानं ग्रीस भरावं लागे. त्यावरून शर्यतीचं नाव ‘रिपॅक’. पुढे हा खेळ १९९६ साली अटलांटाला ऑलिम्पिकमध्ये पोचला. ट्रेलकर हे सांगत असताना पारावर एक निवृत्त दूधवाले बसले होते. त्यांनी त्याच सुमारास दोन्ही बाजूंना कॅन लावून चोवीस इंची सायकल डोंगरवाटेनं रोज खाली आणलेली. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, ‘‘आमच्यात ग्रीस नव्हतं लागत. ब्रेकच नव्हता. पाय लावायचा. म्हैन्याला एक वहाण जायची.’’ ट्रेलकरांनी विचारलं, ‘‘आणि काका, सस्पेन्शन?’’ दूधवाल्यांनी मांड्यांवर थापट्या मारल्या. ‘‘लोणी निघायचं कधीकधी, त्येवढाच तोटा.’’

मग फ्रान्स. कंपनीच्या कामासाठी ट्रेलकर तिकडे जाऊन आले, आणि काम काय होतं ते त्यांना आता आठवत नाही. आठवतात त्या तिथल्या जंगलांतल्या, टेकड्यांवरच्या सायकलवाटा. झाडांवर, खांबांवर खुणा: एक त्रिकोण आणि दोन गोल. वाट सोपी असेल तर हिरवा रंग, जरा अवघड असेल तर निळा, पुढे लाल आणि मोडायची तयारी असेल तर काळा. गावोगावच्या पर्यटन कचेरीत नकाशा मिळतो. हे ऐकून आपल्यालाही वाटतं, बरं आहे की. ट्रेलकरांनी जुन्नर-आंबेगावची तशी वर्गवारी मांडलीसुद्धा: कुकडीच्या कालव्याकडेचा रस्ता हिरवा, डिंभे धरणाच्या काठाची वाट निळी, ढाकोबा-दुर्गच्या पठारावरच्या वाटा लाल आणि नाणेघाटाची उतरण काळी. यादी त्यांनी गुराख्याला वाचून दाखवली. गुराख्याची वर्गवारी त्याहून जुनी निघाली आणि तिच्यात तीनच इयत्ता होत्या. म्हातारी जाती ती वाट, गुरं जात्यात ती वाट आणि वानरं जात्यात ती वाट. ‘‘तुमची काळी हाय का न्हाय,’’ तो म्हणाला, ‘‘तिच्यावरनं आमची म्हातारी बाजाराला जायची.’’

निळ्या वाटेचं असं झालं की मोबाइलवरच्या नकाशात एक सुरेख ठिपक्यांची रेघ होती आणि ट्रेलकर तिच्यावर श्रद्धा ठेवून निघाले. रेघ पाण्यात गेली. ज्या आंबेगावच्या नावाचा तालुका, ते जुनं गावच डिंभ्याच्या पाण्याखाली आहे आणि कारभार घोडेगावातून चालतो, हे मोबाइलला कोण सांगणार? घोट्यापर्यंत भिजल्यावर ट्रेलकरांना ते उमगलं. त्यांनी त्याची नोंद ‘वॉटर क्रॉसिंग’ अशी केली.

नाणेघाटाला ते सायकल घेऊन गेले आणि खरं सांगायचं तर सायकल त्यांच्यावर बसून गेली. घाटाची ती मोठमोठ्या धोंड्यांची नाळ चालवण्यासारखी नाहीच. अशा ठिकाणी ट्रेलकर सायकल खांद्यावर घेतात. त्यालाही इंग्रजी नाव आहे, त्यामुळे त्यांना कमीपणा वाटत नाही. खालून, मुरबाडकडून, ओझं घेऊन एक बाई चढत होत्या. त्या थांबल्या, टेकल्या आणि मायेनं म्हणाल्या, ‘‘दादा, गाडी मोडली व्हय? वर जुन्नरची यष्टी मिळंल.’’

तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीनं, नागनिकेनं, कोरवून घेतलेला लेख आहे. यज्ञ किती केले, दक्षिणेत गाई किती दिल्या, घोडे किती, कार्षापणं किती, सगळं आकड्यांत. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. ट्रेलकर लेण्यात टेकले आणि त्यांनीही आकडे काढले: चढाई किती मीटर, सरासरी वेग किती, हृदयाचे ठोके किती. त्यांचं हृदय सरासरीच्या बाहेर गेलं की ते आनंदतात. मला वाटतं, त्या लेण्यात दोन हजार वर्षांत आलेल्यांपैकी राणीशी सूर जुळलेला हा पहिलाच प्रवासी असावा. मात्र खांद्यावर सायकल असतानाचे मीटर धरायचे की नाही, यावर त्यांच्या गटात दोन तट आहेत आणि काही जणांचं आपसात बोलणं बंद आहे.

आता वेगाचं. ट्रेलकरांच्या नावावरचा सर्वांत मोठा वेग ना ढाकोबाच्या उतारावर झाला, ना नाणेघाटात. तो झाला नारायणगावजवळ पहाटे, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या सपाट डांबरी रस्त्यावर. उसात काहीतरी हललं. जुन्नर तालुक्यात उसात काही हललं की माणसं एकाच गोष्टीचा विचार करतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. पुढच्या दीड किलोमीटरात ट्रेलकरांनी जो पराक्रम केला, तो त्या रस्त्यावर आजवर कुणाला मोडता आलेला नाही. मागून उसातून कुत्रं बाहेर आलं, तेही बिचारं घाबरलेलं. विक्रम डांबरावरचा, म्हणून ट्रेलकर तो कुणाला दाखवत नाहीत.

आहुप्याच्या देवराईत ते गेले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक घडीची करवत होती. वाटेत आडवं पडलेलं खोड कापून रस्ता मोकळा करायचा, असं फ्रान्सात स्वयंसेवक करतात. बरोबरच्या पोरानं हात धरला. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, खोड पडलं तिथंच कुजतं. ट्रेलकर वळसा घालून गेले. हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे: नाही म्हटलेलं त्यांना कळतं. भीमाशंकरच्या अभयारण्यातही वनरक्षकानं अडवलं तर हुज्जत घालत नाहीत. उतरतात, शेकरू कुठं दिसेल विचारतात आणि सायकल हातात धरून पर्यटकांच्या वाटेनं चालू लागतात. प्लास्टिकचा कागद दिसला की उचलतात. पावसाळ्यात खाचराच्या बांधावरून कधी जात नाहीत, कारण एकदा गेले होते आणि बांधाच्या मालकीणबाईंनी त्यांना गुडघाभर चिखलात उभं करून आवणाचं महत्त्व समजावून दिलं होतं.

वहिनी बरोबर येतात, पण मुक्कामी राहतात. मासवडी आणि बाजरीची भाकरी गरम असतानाच खायची असते, यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. ट्रेलकर संध्याकाळी सोललेलं कोपर घेऊन परततात तेव्हा वहिनी विचारतात, ‘‘खड्डे चांगले होते ना?’’

आणि आता मुख्य दुःखाकडे येतो. २००० साली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली आणि आदिवासी भागात २५० किंवा त्याहून जास्त वस्तीची गावं बारमाही रस्त्यानं जोडायचं ठरलं. हा आकडा ट्रेलकरांना तोंडपाठ आहे. कुठल्या वाडीत किती डोकी, याची त्यांच्याकडे वही असते. दोनशे-सव्वादोनशेची वाडी त्यांना फार आवडते. तिथं बारसं आहे असं कळलं की पेढा घेताना चेहरा उतरतो. पहिल्या टप्प्यात मोजणी २००१ च्या जनगणनेची धरली होती, आजच्या बाळाचा त्यात काही दोष नाही, असं मी त्यांना सांगून पाहिलं. ‘‘सुरुवात अशीच होते,’’ ते म्हणाले.

त्यांचा सर्वांत लाडका तुकडा घाटमाथ्याजवळच्या एका वाडीचा. तीनेक किलोमीटरचा कच्चा रस्ता: वर सुटे दगड, मध्ये ओढा, खाली पावसानं कोरलेली चर. हेल्मेटवर कॅमेरा लावून ते तो तीन ऋतूंत उतरले. उन्हाळ्यात धुरळ्यात पडले, पावसाळ्यात ओढ्यात पडले, हिवाळ्यात नुसतेच पडले. व्हिडिओवर नाव घातलं: ‘सह्याद्रीतला सर्वांत भयंकर उतार’. पुण्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वाडीच्या उपसरपंचांनीही तो पाहिला. पोरगा तिशीतला, हुशार. त्यानं तो पेनड्राइव्हवर घेतला आणि नव्या अर्जाला जोडला. अर्जातलं एक वाक्य मी वाचलं आहे: ‘सदर रस्त्यावर विशेष बनावटीची सायकल व संरक्षक साहित्य बाळगणारा सुशिक्षित इसमदेखील वारंवार पडतो (चित्रफीत सोबत), तर गरोदर माता, वृद्ध व शाळकरी मुले यांची काय अवस्था होत असेल याचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.’

आजोबांचा आणि वडिलांचा अर्ज जे करू शकला नाही, ते चित्रफितीनं केलं. रस्ता मंजूर झाला. भूमिपूजनाला ट्रेलकरांना आग्रहाचं बोलावणं गेलं. ते आले, ढाली, हेल्मेट काही नाही, साधा झब्बा. शाल घातली, नारळ दिला. कुदळ मारायची वेळ आली तेव्हा त्यांनी उतार एकदा वरपासून खालपर्यंत डोळे भरून पाहिला आणि मग मारली, जरा जोरातच. एका म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, ‘‘आमच्यापायी लई पडलास रं बाबा.’’ ट्रेलकरांना काय बोलावं सुचेना.

चहा झाल्यावर त्यांनी उपसरपंचांना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘‘याच्या पुढे अजून वस्ती आहे का हो?’’

‘‘हाय की साहेब, पार कड्याला. रस्ता तर ह्याच्याहून बेकार.’’ उपसरपंचांनी खिशातून मोबाइल काढला. ‘‘तिथल्या पोलीस पाटलांनी तुमचा नंबर मागितलाय. पुढच्या ऐतवारी मोकळे हाव का? कॅमेरा तेवढा आणा.’’