प्रशिक्षणाची आणेवारी

कीटकनाशकांच्या सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, नुकतंच थाटात पार पडलं. वातानुकूलित सभागृह होतं, दीपप्रज्वलन झालं, मान्यवरांना रोपं देण्यात आली. फवारणी करणारे मजूर तेवढे नव्हते. ते कसे येणार? ऐन फवारणीचे दिवस.

विषय होता बाटलीवरचा रंगीत चौकोन. कीटकनाशक नियम, 1971 सांगतात की लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान एक सोळांश भाग व्यापणारा, टोकावर उभा केलेला चौकोन छापावा. खालच्या अर्ध्यात रंग. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल असेल तर वरच्या अर्ध्यात कवटी आणि हाडं.

एक सोळांश! म्हणजे सोळा आण्यांत एक आणा. आणि कायद्यानं ‘किमान’ म्हटलं की आपल्याकडे गोष्ट तेवढीच होते. शंभर मिलीच्या बाटलीवर हा चौकोन अंगठ्याच्या नखाएवढा भरतो, रंग त्याच्याही अर्ध्यात. उरलेल्या पंधरा आण्यांत औषधाचं दणदणीत नाव, टच्च फुटलेली बोंडं आणि मुंगीलाही वाचायला चष्मा लागेल अशा अक्षरांतल्या सूचना.

सभागृहातल्या पडद्यावर मात्र चौकोन भिंतीएवढा होता. तज्ज्ञांनी सांगितलं, रंग कीड किती मरते यावरून ठरत नाही. प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम पोटात जावं लागतं, त्यावर तो ठरतो. 1 ते 50 ला लाल, 5000 च्या वर हिरवा. समोर बसलेल्या कृषी केंद्र चालकांत चुळबुळ झाली, कारण त्यांच्या काउंटरवर वेगळंच विज्ञान चालतं. ‘‘भाऊ, लालवालंच द्या. निळ्याले अळी हासते.’’ गिऱ्हाईक कवटी पाहून खूश होतं. माल कडक आहे याची याहून चांगली जाहिरात कुठली? माणसाला सावध करायला काढलेलं चित्र दर्जाचा शिक्का होऊन बसलंय, आणि ज्याला माल खपवायचाय तो ते कशाला पुसेल?

त्या एका आण्यानं मला मात्र पछाडलं. कार्यक्रम चार तासांचा होता. त्याचा सोळावा हिस्सा पंधरा मिनिटं, आणि मास्क, गॉगल, रबरी हातमोजे, बूट हे सगळं घालून दाखवायला तेवढीच पंधरा मिनिटं मिळाली. बाकीचा वेळ प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि भोजन यांनी वाटून घेतला. मंचामागच्या फ्लेक्सवर चौकोन कोपऱ्यात होता, पंधरा आणे फोटोंना. शेतातलं गणितही तेच. पाठीवरचा पंप सोळा लिटरचा. झाकणाचं वायसर गेलेलं असेल तर त्यातलं लिटरभर शर्टातून थेट अंगात. नियमांचं इतकं काटेकोर पालन मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर दुष्काळाचा विचार होतो. जुना आणा म्हणजे सव्वासहा पैसे. मग या सुरक्षिततेचं काय जाहीर करायचं, तेवढं कोणीतरी सांगावं.

इथे विनोद थांबवतो, कारण 2017 आठवतं. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवेत दमटपणा, हातात बारीक धुकं उडवणारा चायना पंप. आणि सगळं झाल्यावर काय ऐकू आलं? त्यांनी मास्क घातला नव्हता. लेबलावर स्पष्ट लिहिलं होतं. अहो, कुठल्या लेबलावर? मजुराच्या हाती बाटली येतेच कधी? बांधावरच्या ड्रममध्ये मालकानं दोन-तीन औषधं कालवलेली असतात, बाटल्या कधीच्या धुऱ्यावर फेकलेल्या. रिकाम्या बाटल्या फोडून वस्तीपासून लांब पुराव्यात, असंही हेच नियम सांगतात; त्या घरी जातात आणि त्यांत रॉकेल भरलं जातं. मजुरी पंपामागे मिळते. गॉगलवर वाफ धरली की तास वाया, पंप कमी, पैसे कमी. काम करणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायची जबाबदारी नियमांनी उत्पादक, वितरक आणि फवारणी करवणाऱ्यांवर टाकलीय, 1971 पासून. ती पार पडली याचा पुरावा म्हणजे हजेरीपट. त्यावर सह्या कोणाच्या, हे विचारणारा रकाना त्यात नाही.

प्रश्नोत्तरांत एका पोरसवदा केंद्रचालकानं धिटाईनं सुचवलं की पुढचा कार्यक्रम बांधावर घ्या आणि येणाऱ्या मजुराला त्या दिवसाची मजुरी द्या. मंचावर कुजबुज झाली. सूचना चांगली आहे, पण मजुरीसाठी लेखाशीर्ष नाही, असं उत्तर आलं. भोजनासाठी होतं. गुलाबजाम फार छान होते.