सांबऱ्याहून मेट्रोने बेळगावात कसे यावे

मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पुरी झाली आणि आमच्या भागात घरटी एक तज्ज्ञ तयार झाला. पोरगा मुंबईला नोकरीला असतो, विमानतळाच्या टर्मिनल दोनखालीच मेट्रोत बसतो आणि शर्टाची इस्त्री न मोडता घरी पोचतो. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, सगळं तोंडपाठ. हाच पोरगा दिवाळीला सांबरा विमानतळावर उतरतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो आणि घरी फोन लावतो, "बाबा, इथून सिटीत कसं यायचं?" बाबांचा उभा जन्म बेळगावात गेलेला. ते म्हणतात, "ये की कसंबी." या उत्तरात सगळं आलं, पण नवख्याला तेवढ्यावर निघता येत नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

प्रथम एक खुलासा. सांबऱ्याला मेट्रो नाही. एवढी बाब सोडली, तर मेट्रोप्रवासाला लागणारं सगळं इथं आहे : तिकीट खिडकी, झोन, स्थानकं, गाडी बदलायची जागा, गर्दी आणि थोडंसं भुयारसुद्धा. कुणी कमीपणा वाटून घेऊ नये. खुद्द राजधानी बेंगळुरूचा देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ पासून चालू आहे आणि हे लिहीपर्यंत मेट्रो तिथंही पोचलेली नाही.

धावपट्टी मात्र जुनी आणि मानाची. १९४२ साली महायुद्धाच्या गडबडीत ब्रिटिशांनी ती बांधली. पुढं तिथं वायुसेनेचं प्रशिक्षण केंद्र आलं, ते अजून आहे. डिसेंबर १९६१ मध्ये इथूनच हंटर विमानं उडाली, त्यांनी बांबोळीचं पोर्तुगीजांचं रेडिओ केंद्र निकामी केलं आणि दोन दिवसांत गोवा मोकळा झाला. तेव्हा सांबऱ्याहून कुठंच लवकर पोचता येत नाही, हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. वेळ लागतो तो फक्त बेळगावला.

सध्याचं टर्मिनल १४ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. ते आटोपशीर आहे. बॅगेच्या पट्ट्यापासून दार दिसतं आणि दारापलीकडं न्यायला आलेले नातेवाईक दिसतात. मुंबई-दिल्लीत फलाट गाठायला जेवढी पायपीट करावी लागते, तेवढी इथं केलीत तर मुतग्याच्या वाटेला लागाल.

दाराबाहेर तिकीट खिडकी. ती खाकी शर्ट घालून रिक्षाला टेकून उभी असते.

"एल्लि होगबेकु सर?"

इथं पुष्कळजण गडबडतात. कन्नड येत नाही म्हणून हिंदीत शिरतात, हिंदीत शिरले की मुंबईचे ठरतात आणि मुंबईचे ठरले की भाडं त्याच क्षणी वर जातं. सरळ आपल्या भाषेत उत्तर द्यावं. समोरचा दुसऱ्या वाक्याला मराठीत येतो, तिसऱ्याला तुमच्या गल्लीत येतो.

"टिळकवाडी."

"कुठलं गेट वो?"

मुंबईकर पोरगा हरखतो. त्याला वाटतं, मेट्रोची सवय इथंही लागली. तसं नाही. ही गेटं रेल्वेची आहेत. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्या गेटावर आता उड्डाणपूल उभा आहे, तरी पत्ता गेटाचाच चालतो आणि पुढची शंभर वर्षं चालेल. आकडा नीट आठवून सांगावा.

"तिसरं. किती घेणार?"

"बसा की. तुमी काय परके हाय काय? द्या काय द्यायचं ते."

हे वाक्य कानावर पडलं की बसायचं नाही. वाक्य मनापासूनचं आहे, यात शंका नाही. पण त्याचा हिशेब तिसऱ्या गेटाजवळ, तुमच्या दारात होतो. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलेली असते, समोरच्या काकू गॅलरीतून बघत असतात आणि तुम्ही नोटा पुढं करता तेव्हा तो हात मागं घेऊन हसून म्हणतो, "असू दे की साहेब." त्या 'असू दे'ला उत्तर नाही. वडील आतून पाकीट घेऊन येतात आणि दिवाळीभर तुम्ही कंजूष ठरता.

म्हणून आकडा आधी. तो सांगेल त्याच्या अर्ध्याहून थोडा वर आपला सांगावा. तो आभाळाकडे बघेल, मग शेजारच्या रिक्षावाल्याकडे बघून कन्नडमध्ये काहीतरी म्हणेल, ते दोघे हसतील. हसू द्यावं. बॅग उचलून शांतपणे चालायला लागावं. पाठीमागून "या या, या वो" अशी हाक येते. येईपर्यंत मागं वळून बघू नये. वळलात की भाव गेला. ही कला मुंबईच्या मेट्रोत कामाची नाही आणि म्हणूनच तिथं वाढलेल्या पिढीच्या हातून ती चालली आहे, याची नोंद समाजधुरीणांनी घ्यावी.

मीटरविषयी विचारू नये. जुन्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी, तसं फार तर एकदा कौतुकाने त्याच्याकडे बघावं.

आता काटकसरीचा मार्ग. विमानतळावरून बाहेर पडून बागलकोट रस्त्याला यावं आणि शहराकडे तोंड करून उभं राहावं. वायव्य कर्नाटक परिवहनच्या लाल बसगाड्या येतात. पाटी कन्नडमध्ये असते, वाचता आली तर उत्तम, नाही आली तर चालत्या गाडीकडे बघून भुवया उंच कराव्यात आणि सिटी बसस्टँडसाठी एकच शब्द उच्चारावा : "सीबीटी?" हा शब्द कुठल्याच भाषेतला नसल्यामुळे त्यावरून भांडण होत नाही.

हे विनोदाने म्हणतोय असं वाटेल. तिकीट कुठल्या भाषेत मागायचं यावरून फेब्रुवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात वाहकाला मारहाण झाली, पाठोपाठ एका चालकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस एकमेकांच्या हद्दीत जायच्या बंद झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झालेलं हे सीमेचं भांडण महाजन आयोगाने १९६७ साली मिटवल्याचं सांगितलं आणि २००४ पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. खटला चालेल तेव्हा चालेल. मधल्या काळात भाजीची पाटी घेऊन बसमध्ये चढलेली बाई वाहकाशी कन्नडमध्ये बोलते, शेजारणीशी मराठीत आणि फोनवर जावयाशी दोन्हींत. तिचं कधी काही अडलेलं नाही. गाड्या तिच्यामुळे बंद पडत नाहीत.

झोनची पद्धत इथं मुंबईपेक्षा फार पुढं गेलेली आहे, ती नीट समजून घ्यावी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. ओळखपत्र दाखवायचं, वाहक शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. शून्य रुपयांचं असलं तरी ते सांभाळून ठेवावं लागतं. महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चमध्ये एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट केलं, तेही आपल्या हद्दीत. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोन नणंद-भावजयांपैकी निपाणीची भावजय फुकट, आणि कागलला दिलेली नणंद पूर्ण तिकिटाची. सख्ख्या आत्याचं आधार कार्ड महाराष्ट्राचं निघालं म्हणून घरात जो अबोला धरला गेला, त्याची दखल महाजन आयोगाला घेता आली नाही, कारण तो फार लवकर येऊन गेला.

पुरुषांसाठी सूचना : नियमाने निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव आहेत. हा नियम मनात म्हणावा. मोठ्याने म्हणून पाहिलेले गृहस्थ सीबीटीपर्यंत उभे आले. जागा मिळूनही ती सोडून देणाऱ्या आत्याच उलट घरी येऊन सांगतात, "मी उभ्यानंच आलो बघ, जागा होती तरी."

बस नाही आली तर वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी गाडी. मेट्रोत दरवाजे डावीकडे उघडणार की उजवीकडे, याची घोषणा होते. वडापचा दरवाजा बंदच होत नसल्यामुळे घोषणेची गरज पडत नाही. पाय बाहेर, बॅग मांडीवर, आणि मांडीही नेहमी आपलीच असेल असं नाही.

स्थानकं क्रमाने अशी. सांबरा. मुतगे. निलजी. बसवन कुडची. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये मंगल कार्यालयं, आणि लग्नाची तिथी असेल तर वरात. वरातीला मेट्रोच्या भाषेत तांत्रिक कारणास्तव विलंब म्हणतात. उतरून दोन मिनिटं नाचलात तर रस्ता लवकर मिळतो.

मग गांधीनगर. इथं नीट लक्ष द्यावं. पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग डोक्यावरून जातो आणि आपण त्याच्या खालून. वर काँक्रीट, आत किंचित अंधार, हॉर्नचा घुमणारा आवाज. संपूर्ण प्रवासातला भुयारी भाग तो हा. डोळे मिटून अनुभव घ्यावा, लगेच उघडावे. कारण तो संपतो. ज्यांना आणखी भुयार हवं असेल त्यांनी शहरात शिरावं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं. तेव्हापासून शहरात ठिकठिकाणी इतकं खणून झालं की परगावचे पाहुणे मेट्रोचंच काम चाललंय समजून अभिनंदन करत असत. आम्हीही ते स्वीकारत असू.

पुढं किल्ला तलाव. तिथला ध्वजस्तंभ ११० मीटरचा आहे, तो लांबून दिसतो. तो दिसला की सुट्टे पैसे काढावेत, बॅग आवरावी आणि शेजाऱ्याच्या खांद्यावरची झोप संपवावी. स्तंभानंतर सीबीटी. शेजारीच मध्यवर्ती बसस्थानक. गाडी बदलायची जागा हीच. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कॅम्प, कुठंही जायचं झालं तरी इथं उतरून प्रथम चहा घ्यायचा असतो. वेळ असेल तर कुंदा बांधून घ्यावा. बेळगावच्या घरी बेळगावचाच कुंदा नेणं वेडेपणाचं दिसतं खरं. पण रिकाम्या हाताने आलेल्या मुंबईकराची चर्चा त्याहून वाईट.

ऋतुमानाबद्दल एक इशारा. डिसेंबरात येऊ नये. २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभी राहिल्यापासून हिवाळी अधिवेशनाला सगळं बेंगळुरू इथं उतरतं. विमानात जागा नसते, लॉजमध्ये खोली नसते, आणि जिकडं तिकडं लाल-पिवळे दिवे. त्याच दिवसांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा असतो, परवानगी नाकारलेली असते आणि महाराष्ट्रातून निघालेले पुढारी हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवलेले असतात. तुम्ही पुढारी नसलात तरी पांढरा शर्ट आणि पांढरी गाडी एकत्र आणू नका.

राहता राहिले निपाणीकर. त्यांचं दुखणं वेगळं. दोन विमानतळांच्या मध्ये अडकलेलं गाव आहे. सांबऱ्याला उतरावं, तर तिथून बेळगावात यायचं, मग काकती, हत्तरगी, संकेश्वर करत तवंदी घाट उतरायचा. बेळगावपासूनच पाऊणशे किलोमीटर. घाटात पुढं उसाची ट्रॉली लागली की तीच सगळ्यांचं वेळापत्रक ठरवते. कोल्हापूरला उतरावं, तर राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ जेमतेम चाळीस किलोमीटरवर. अंतर निम्मं, फक्त मध्ये दूधगंगा, टोलनाका आणि १९५६ साल आहे. बंदचा दिवस असेल तर एस.टी. कागलपर्यंत येते, कर्नाटकची गाडी कोगनोळीपर्यंत येते आणि मधला तुकडा पाहुण्याच्या मोटारसायकलीवर करावा लागतो. ज्या गावाने १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी हाच महामार्ग बैलगाड्यांनी अडवून धरला, त्याला रस्ता बंद असण्याचं नवल नाही. पण तेव्हा तो त्याने स्वतः बंद केला होता.

तरीही माझा सल्ला कोल्हापूरचा. विमानाच्या वेळा आधी बघा, मेव्हण्याला नाक्यावर काय परिस्थिती आहे ते विचारा आणि मगच तिकीट काढा. आणि वायव्य कर्नाटक परिवहनला एवढीच विनंती, की सांबऱ्याला विमान उतरतं त्याच वेळेला एक लाल बस दारात उभी करा. पाटी कुठल्याही भाषेत लावा, आम्ही बसू.