पेटीवाला डॉक्टर, वहीवाला इंजिनियर

"काकू, रविवारी एवढं नटूनथटून कुठं निघाला होतात? हाक मारली तर वळलाही नाहीत."

"अगं, यशवंतराव नाट्यगृहात. 'आयुष्यावर बोलू काही' होतं. उशीर झाला असता तर आमच्या ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं."

"नाटक का?"

"हे घे! कोथरूडात राहायला आलीस आणि संदीप-सलील माहीत नाहीत? गॅस बारीक करून ये आधी."

"केला. सांगा."

"संदीप खरे कवी, शिकला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग. सलील कुलकर्णी संगीतकार, शिकला डॉक्टरकी. आता डॉक्टर झालेला मुलगा पेटी घेऊन बसला, तर आपल्याकडे चुलत्या-मावश्या काय काय बोलतात, सांगायला नको. पण 2003 साली दोघांनी हा कार्यक्रम सुरू केला, आणि हजारावर प्रयोग झाले गं!"

"गाण्याचेच ना? त्यात नवल काय?"

"नवल असं, की आपल्याकडं लिहिणारा घरी आणि टाळ्या गाणाऱ्याला. गीतरामायण घे. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर चाललं, 56 गाणी. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, म्हणजे आपल्या बाबूजींच्या. पुढं त्याचे जाहीर कार्यक्रम झाले, ते बाबूजींच्याच गळ्यातून. इथं मात्र लिहिणाराच गायला बसला. आधी नुसती कविता म्हणतो, मग तीच गाणं होऊन येते, आणि मधे एकमेकांच्या फिरक्या."

"पण गाता येतं का त्याला?"

"खरं सांगू? सलीलचा गळा तयार आहे. संदीपचा आवाज कवीचा. पण कुठल्या शब्दावर थांबायचं, हे लिहिणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं तयारीच्या गवयाला कळेलच असं नाही. आमचा भाचा अमेरिकेत नॅशव्हिलला असतो ना, तिथं ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक जागा आहे, 1982 पासूनची. जेमतेम 90 माणसं मावतात. मोठमोठ्या कंट्री गायकांना गाणी लिहून देणारे लोक तिथं मधोमध गोल करून बसतात आणि आपली गाणी आपणच गातात. कुणी कुजबुजलं की दटावतात म्हणे. पुण्यात त्याला कॅफेवाला लागत नाही, शेजारच्या खुर्चीतली बाई पुरते."

"तुम्ही असाल!"

"असेन. पण 'दमलेल्या बाबाची कहाणी' लागलं तेव्हा मीसुद्धा गप्प. मुलीच्या पाठवणीला ज्यांनी टिपूस काढलं नाही, ते आमचे हे चष्मा पुसत बसले. वर म्हणे, एसी फार होता! आणि नातवंडांना 'अग्गोबाई ढग्गोबाई' पाठ आहे, ते वेगळंच."

"आता फारसे एकत्र दिसत नाहीत ना? बिनसलं की काय?"

"झालं तुमचं सुरू! सलीलनं सिनेमे काढले. 'एकदा काय झालं'ला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. संदीप वैभव जोशीबरोबर कवितांचा 'इर्शाद' करतो. नवरा ऑफिसला गेला म्हणजे काय काडीमोड होतो?"

"मग पुढच्या वेळी माझंही तिकीट काढा."

"काढते की. पण आत तुझा मोबाईल वाजला, तर मी तुला ओळखत नाही."