बजेटात बसलेले काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्वयंपाकघर आणि बाथरूमचं काम काढलं, तेव्हा दोनशेपानी वहीवर ‘श्री’ लिहून खाली आकडा घातला : ४,००,०००. आकड्याखाली दोन रेघा. ‘‘याच्यापुढे एक रुपया नाही,’’ हे त्यांनी काकूंना, गवंड्याला आणि जिन्यात भेटलो म्हणून मलाही सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

हा वाण पुण्यात मुबलक आहे. खिशात पेनाशेजारी टेप असतो.

फरशीच्या दुकानात विक्रेता म्हणाला, ‘‘दोन बाय दोन, बॉक्समध्ये चार, म्हणजे सोळा फूट.’’ काकांनी टेप लावला. फरशी भरली ६०० मिलिमीटर. दोन फुटांना साडेनऊ मिलिमीटर कमी. ‘‘म्हणजे बॉक्स साडेपंधरा फुटांचा. माझा अर्धा फूट कुठाय?’’ त्या अर्ध्या फुटासाठी पाऊण तास भांडून त्यांनी दर पाडून घेतला. तो आनंद चेहऱ्यावर चार दिवस टिकला.

गवंडी म्हणाला होता, तोडमोडीसाठी दहा टक्के जादा आणा. काका म्हणाले, ‘‘आमच्या घरात फरशी फुटत नाही.’’ फुटल्या अकरा. पुन्हा दुकानात जावं तर तो लॉट संपलेला. नव्या लॉटची छटा जरा पिवळट. ‘‘असू दे, त्या कोपऱ्यात फ्रिज येतो.’’ जुना फ्रिज पिवळेपण झाकण्याइतका रुंद नव्हता. म्हणून नवा आला.

तरीही बजेट जागच्या जागी होतं. कारण नवा फ्रिज ही दिवाळीची खरेदी, तिचं पान वेगळं. हळूहळू लक्षात आलं, की वहीची कला पुढच्या पानांत आहे. राडारोडा उचलणारा टेम्पो ‘स्वच्छता’ या सदरात. सागवानी देवघर ‘धर्मादाय’. बिजागऱ्या बोहरी आळीत सहा रुपयांनी स्वस्त, म्हणून तीन वेळा केलेली रिक्षा ‘प्रकृती व फिरणं’मध्ये. ओट्याखाली मरीन प्लाय घातला तो ‘काकूंचा हट्ट’. या सदराची साडेसहा पानं भरली होती, आणि खरं सांगायचं तर घरात धड झालेलं जे काही आहे ते सगळं त्याच पानांवर आहे.

बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगनंतर गवंड्याने सांगितलं, ‘‘पाणी तुंबवून ४८ तास ठेवू या.’’ काकांनी दोन दिवसांची मजुरी मनात मोजली. ‘‘गळायचं ते एका रात्रीत गळतं,’’ म्हणाले आणि सकाळी बूच काढलं.

शेवटचा आकडा : ३,९८,४५०. काकांनी जिन्यातल्या प्रत्येक दारी पेढे वाटले. (पेढे : ‘सण व समारंभ’.) मला वही उघडून पहिलं पान दाखवलं, उरलेली पानं अंगठ्याने घट्ट दाबून धरली होती.

दीड महिन्याने आमच्या मोरीच्या छताला ओल धरली. निरोप धाडताच काका स्वतः आले, स्टुलावर चढले, टेप लावला. ‘‘अडीच बाय दोन. फार नाही.’’ मग खाली उतरून वहीचं कोरं पान काढलं, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं ‘शेजारधर्म’, आणि पट्टीने दोन रकाने आखले. एक त्यांचा, एक माझा.