इटालियनचे मास्तर पाहिजेत

रायपुरात नीटची शिकवणी शोधायला बाहेर पडावं लागत नाही. खांबाखांबावरच्या फलकांवरून गुरुजन आपल्याकडे बघतच असतात. इटालियन मात्र या शहरात फरशीच्या दुकानात आणि पिझ्झ्याच्या गाडीवर भेटते, शिकवणीला नाही. त्यामुळे अमेरिकी कॉलेजवर डोळा असलेल्या चिरंजीवांसाठी ‘एपी इटालियन’ या कॉलेजच्या तोडीच्या अमेरिकी परीक्षेचा मास्तर शोधणाऱ्या इथल्या मराठी घरांची तारांबळ समजण्यासारखी आहे. सल्लागारांनी बजावलंय ना, अर्ज उठून दिसला पाहिजे!

ही परीक्षाही मोठ्या नाजूक प्रकृतीची. २००६ साली पहिल्यांदा झाली आणि विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून २००९नंतर बंद पडली. मग इटलीच्या सरकारने आणि इटालियन वंशाच्या अमेरिकी मंडळींनी खिशात हात घातला, तेव्हा कुठे २०११-१२च्या शैक्षणिक वर्षात ती परत आली. परमुलखातल्या पोरांनी आपली भाषा शिकावी म्हणून पदरचे पैसे मोजणारे लोक असतात म्हणायचे!

आपण असला खर्च करत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी नांदते आहे, २०२४ साली तिला अभिजात दर्जाही मिळाला. अभिनंदनाचे संदेश आपण तत्परतेने पुढे ढकलले. चिरंजीवांना ते वाचता आले नाहीत, एवढंच. घरात आजी फुकट शिकवायला तयार आहे. पण मराठीची एपी परीक्षाच नाही, त्याला आजी तरी काय करणार?